पहिलं पुस्तक आणि ‘आयएसबीएनचे पैसे’

परभणी-बीडकडं नवा कवी भेटला की हमखास ऐकू येतं, ‘पहिलं पुस्तक स्वतःच्याच पैशानं काढावं लागतं, वर आयएसबीएनचे वेगळे.’ हे खरं नाही. भारतात आयएसबीएन हा पुस्तकाचा क्रमांक फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो देते, लेखकालाही स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. हा १३ आकडी क्रमांक पुस्तकाची ओळख आहे, दर्जाचा शिक्का नव्हे.

माझ्या मित्रानं सोयाबीनचे पैसे घालून कवितासंग्रह काढला. गठ्ठे अजून पलंगाखाली आहेत, सुतळीसुद्धा सुटलेली नाही. विक्रीचं बोलणं तोंडी झालं होतं, करारात एक ओळ नव्हती. फार वाईट वाटतं. खरा प्रकाशक आपला पैसा गुंतवतो, प्रती विकतो, रॉयल्टी म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा देतो. पैसे घेऊन नुसतं छापून देणारा वेगळा.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना तर पहिल्या पुस्तकासाठीच आहे. तिथं हस्तलिखित जरूर पाठवा. प्रकाशक गाठण्याआधी त्याची अलीकडची पुस्तकं संभाजीनगर, नांदेडच्या दुकानांत मागून बघा, आणि त्याच्या एखाद्या लेखकाला रॉयल्टीचा हिशेब मिळतो का, हे सरळ विचारा.