शिंकताना हृदय थांबतं का?

शिंक आली की हृदय क्षणभर बंद पडतं, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं होत नाही. हृदयाच्या उजव्या कर्णिकेच्या (वरच्या कप्प्याच्या) वरच्या भागात खास पेशींचा एक छोटा पुंजका असतो. विश्रांतीत तो आपणहून मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विद्युत संदेश सोडतो. हा संदेश दोन्ही कर्णिकांत पसरतो, मधल्या गाठीपाशी सुमारे ०.१ सेकंद रेंगाळतो (तेवढ्यात जवनिका, म्हणजे खालचे कप्पे, रक्त भरून घेतात) आणि मग खाली जवनिकांत उतरतो. या संदेशामुळेच ठोका पडतो. शिंकेमुळे हा पुंजका बंद पडत नाही. छातीतला दाब मात्र बदलतो, हृदयाकडे परतणारं रक्त क्षणभर कमी-जास्त होतं, दोन ठोक्यांतलं अंतरही थोडं बदलू शकतं. ठोका चुकल्यासारखं वाटतं ते बहुधा त्यामुळेच. पडताळायचं तर शिंक येतेय असं वाटताच मनगटावर नाडी धरा. एखादा ठोका हलका लागेल, पण नाडी चालूच असेल.