गांजा, खेळाडू आणि रात्रीचे 11:59

फेब्रुवारी 1998 मध्ये नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगला पहिल्यांदा जागा मिळाली आणि त्यातले पहिलेच सुवर्णपदक तीन दिवसांत काढून घेण्याचा निर्णय झाला. विजेत्या कॅनेडियन खेळाडूच्या लघवीत गांजाचा अंश सापडला होता, मिलिलिटरमागे 17.8 नॅनोग्रॅम. आपण गांजा केव्हाच सोडला, एका पार्टीत इतरांचा धूर नाकातोंडात गेला, असे त्याचे म्हणणे होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीत पदक काढण्याच्या बाजूने 3 आणि विरोधात 2 मते पडली. दुसऱ्याच दिवशी क्रीडा लवादाने पदक परत दिले. धुराची सबब खरी की खोटी, यात लवाद शिरलाच नाही. गांजाबद्दल ऑलिंपिक समिती आणि त्या खेळाचा महासंघ यांच्यात मुळात करारच झालेला नव्हता, एवढे त्याला पुरेसे होते.

ही नाचक्की विसरली गेली नाही. 1999 मध्ये खेळातल्या उत्तेजक द्रव्यांविरुद्ध स्वतंत्र जागतिक यंत्रणा उभी राहिली, 2004 पासून तिची संहिता लागू झाली आणि गांजा बंदीच्या यादीत पक्का बसला. यादीत जाण्यासाठी तीन निकष आहेत. द्रव्याने कामगिरी सुधारू शकते का, त्याने प्रकृतीला धोका आहे का आणि ते खेळाच्या मूल्यांना बाधक आहे का. तीनपैकी दोन लागू झाले की पुरे. गांजाच्या बाबतीत पहिला निकष कायम लंगडा राहिला, तिसरा मात्र दर वेळी मदतीला धावून आला. खेळाची मूल्ये नॅनोग्रॅममध्ये मोजता येत नाहीत, हेही त्याच्या पथ्यावर पडले.

खरा गुंता आहे तो ‘स्पर्धेच्या काळात’ या शब्दांचा. गांजावर बारमाही बंदी नाही. सरावाच्या महिन्यांत खेळाडू काय ओढतो याच्याशी या यंत्रणेला देणेघेणे नाही. बंदी फक्त स्पर्धेच्या काळापुरती. हा काळ आधी स्पर्धेपूर्वी 12 तासांपासून मोजत, 2021 च्या संहितेने तो आदल्या रात्रीच्या 11:59 वर आणला. कागदावर हे सोपे दिसते. 11:58 ला ओढला तर चालेल, दोन मिनिटांनी ओढला तर नाही.

पण शरीर हे घड्याळ पाळत नाही. गांजातला नशा आणणारा घटक चरबीत विरघळतो, तिथे साठतो आणि हळूहळू बाहेर पडतो. नशा काही तासांत उतरते, अवशेष मात्र लघवीत कित्येक दिवस दिसतात. रोज ओढणाऱ्याच्या बाबतीत कित्येक आठवडे. शर्यत संपल्यावर खेळाडूला चाचणीच्या खोलीत नेतात. अधिकाऱ्याच्या नजरेसमोर तो किमान 90 मिलिलिटर लघवी देतो, ती ‘अ’ आणि ‘ब’ बाटल्यांत वाटून सील केली जाते. प्रयोगशाळा त्यात शोधते तो नशेचा घटक नसतोच, शरीराने तो मोडल्यावर उरलेला निष्क्रिय अवशेष असतो. म्हणजे नियम विचारतो ‘आज का?’ आणि बाटली उत्तर देते ‘कधीतरी’.

ही फट बुजवायला आकडा वाढवला गेला. 2013 मध्ये 15 नॅनोग्रॅमची मर्यादा थेट 150 झाली. दहापट वाढीमागे हेतू असा, की आठवडाभरापूर्वी ओढलेल्याने अडकू नये, ऐन स्पर्धेत ओढणाऱ्याने अडकावे. तरीही रोज ओढणारे त्यात सापडतातच. (2018 मध्ये दारू यादीतून पूर्णपणे गेली, त्याच वर्षी गांजाच्या झाडातला नशा न आणणारा सीबीडी हा घटकही सुटला. गांजा राहिला.)

2021 च्या संहितेने आणखी एक सवलत दिली. स्पर्धेबाहेर आणि कामगिरीशी संबंध नसताना सेवन झाल्याचे दाखवता आले तर तीन महिन्यांचे निलंबन, उपचार कार्यक्रम घेतला तर एकच महिना. त्याच जूनमध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीत 100 मीटर 10.86 सेकंदांत जिंकणारी धावपटू पॉझिटिव्ह आली. आईच्या मृत्यूची बातमी तिला एका पत्रकाराच्या प्रश्नातून कळली होती आणि त्या धक्क्यात तिने गांजा ओढला होता. जिथे ओढला त्या ओरेगन राज्यात तो कायदेशीर होता. तिला सर्वांत कमी, म्हणजे एका महिन्याची शिक्षा झाली आणि ती टोकियोतली 100 मीटरची पहिली फेरी सुरू होण्याआधीच संपली. तरी ती धावू शकली नाही, कारण नमुना स्पर्धेतला असल्याने निवड चाचणीतला निकालच रद्द झाला होता. शिक्षा महिन्याची, नुकसान ऑलिंपिकचे. ‘स्पर्धेच्या काळात’ या शब्दांची खरी किंमत इथे कळते.

या प्रकरणानंतर फेरविचार झाला. सप्टेंबर 2022 मध्ये निर्णय आला, गांजा यादीतच राहील. शारीरिक कामगिरी सुधारत असल्याचा ठोस पुरावा नाही हे मान्य केले गेले. आधार उरला प्रकृतीचा आणि पुन्हा त्याच मूल्यांचा.

अमेरिकेतल्या व्यावसायिक लीग ही संहिता पाळत नाहीत. तिथे नियम मालक आणि खेळाडू संघटना यांच्या करारातून ठरतात, त्यामुळे वारे लवकर फिरले. बेसबॉलने डिसेंबर 2019 मध्ये गांजा गैरवापराच्या द्रव्यांच्या यादीतून काढला. त्याच वर्षी एका पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा, मृत्यू झाला होता, त्याच्या शरीरात ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामके सापडली होती. काळजीचा रोख तिकडे वळला. बास्केटबॉलने 2020 पासून चाचण्या थांबवल्या, 2023 च्या करारात तर खेळाडूंना गांजाच्या कंपन्यांत पैसे गुंतवायलाही मुभा दिली. अमेरिकन फुटबॉलच्या लीगने 2020 मध्ये मर्यादा 35 वरून 150 केली आणि पॉझिटिव्ह आल्यास सामन्यांतून निलंबन बंद केले. डिसेंबर 2024 मध्ये ती 350 वर गेली. दुखऱ्या अंगाने खेळणाऱ्यांना गोळ्यांऐवजी गांजा परवडतो, हा खेळाडूंचा जुना दावा या सगळ्यामागे आहे.

नागानोतले 17.8 आज यांतल्या कुठल्याच मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत.