आयडी बंद झाली, तर दाद कुणाकडे मागायची?

रत्नागिरी, चिपळूणसारख्या गावांत घरपोच जेवण पोचवणाऱ्या पोरांना पावसापेक्षा धास्ती असते ती आयडी, म्हणजे ॲपमधलं त्यांचं कामाचं खातं, बंद होण्याची. खड्डे, चढउतार, पेट्रोल यांचा हिशेब कसाबसा जमवता येतो. पण सकाळी ॲपमध्ये लॉगिनच झालं नाही, तर जायचं कुणाकडे? समोर मालक नाही, मुकादम नाही. या प्रश्नाशी कायद्याची एक मोठी झटापट ॲप येण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातच झाली होती.

बाजारात आणि गोदीत पाठीवर ओझं वाहणाऱ्याचा मालक रोज बदलायचा. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची. कायमचा मालकच नाही म्हटल्यावर फंड, रजा, नुकसानभरपाई मागायची कुणाकडे? अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्याने खरा मालक कोण, हे शोधत बसण्याऐवजी मधे एक मंडळच उभं केलं. त्यावर सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी. काम करवून घेणाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे कामगारांच्या सोयींसाठीचं शुल्क, मंडळात भरायची. मंडळाने मजुरी चुकती करायची आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी बघायचं. रोजगार हमीइतकीच ही महाराष्ट्राने देशाला दिलेली मोठी कल्पना आहे, असं मी मानतो. तिचं श्रेय आपण फार कमी घेतो.

शिजवणाऱ्यांची बाजूही अशीच उघडी होती. कोकणातून गिरणगावात एकट्याने राहायला गेलेल्या चाकरमान्यांना खानावळवाल्या बायकांनी जेवू घातलं, तेही बहुधा सावकाराच्या उधारीवर. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, तेव्हा या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं.

मग ॲप आली. २००८ मध्ये सुरू झालेली झोमॅटो आधी हॉटेलांची मेनूकार्डं दाखवायची. २०१४ मध्ये आलेल्या स्विगीने पोचवणारी माणसं स्वतःच जोडली. ही माणसं कंपनीच्या लेखी कामगार नव्हती, प्रत्येक ऑर्डर हा सुटा व्यवहार. म्हणजे माथाडीची जुनीच अडचण. फरक इतकाच की व्यापारी निदान समोर दिसत तरी होता.

नियम आधी आले ते खाणाऱ्यासाठी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये परवाना नसलेली हॉटेलं यादीतून काढायला ॲपना सांगितलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं बंधन घातलं. २०२२ मध्ये हॉटेलवाल्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला. आमटी सांडली तर ग्राहकाने कुठे जायचं हे ठरलं, पण ती घेऊन येताना घसरून पडलेल्या पोराचं काय, हे ठरायला जास्त वेळ लागला. हा क्रम मला आजही खटकतो.

केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार, म्हणजे नोकरीच्या नेहमीच्या नात्याबाहेर सुटी किंवा ॲपवरून मिळणारी कामं करणारे, पहिल्यांदा कायद्यात आणले. कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायचे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्के ही त्याला मर्यादा. त्यातून अपघात विमा, आरोग्य, प्रसूती, म्हातारपण यांसाठी योजना करायच्या. संहिता प्रत्यक्ष लागू झाली ती २१ नोव्हेंबर २०२५ ला. मधल्या पाच वर्षांत कोकणाने २०२१ चा चिपळूणचा महापूर पाहिला.

राज्यं थांबली नाहीत. जुलै २०२३ मध्ये राजस्थानने अशा कामगारांसाठी देशातला पहिला स्वतंत्र कायदा केला. त्याचा सांगाडा ओळखीचा वाटेल: मंडळ, कामगारांची नोंदणी, प्रत्येक व्यवहारावर शुल्क. माथाडीचाच वारसा तो, फक्त तो आधी जयपूरला पोचला. बाहेर न्यूयॉर्क शहराने २०२१ मध्ये आणखी साधी गोष्ट कायद्यात लिहिली: ऑर्डर घ्यायला आलेल्याला हॉटेलने स्वच्छतागृह वापरू द्यायचं. आपल्या नगरपरिषदांनी एवढं मनावर घेतलं तरी पावसाळ्यात भिजत उभ्या असलेल्या पोरांना आणि विशेषतः मुलींना केवढा दिलासा मिळेल.

आयडीच्या प्रश्नाला थेट हात घातला तो कर्नाटकाने. २०२५ च्या तिथल्या कायद्यानुसार काम बंद करण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. आंबोली घाटापलीकडे बेळगावात ऑर्डर पोचवणाऱ्याला ती मागता येते. घाटाखाली सावंतवाडीतल्या पोराने केंद्राची संहिता उघडली, तर तिच्यात विम्याच्या, पेन्शनच्या योजना आहेत. नोटिशीची तरतूद नाही.