पंप हळू, कॅप्सूल जोरात

"मावशी, कॅप्सूल कशी घेताव?"

"कशी म्हंजे? पाण्यासंगं."

परभणीकडच्या या मावशींनी इनहेलरच्या कॅप्सूल महिनाभर गिळल्या होत्या. मशीन पिशवीत कोरं करकरीत. चूक माझी. चिठ्ठीवर 'सकाळ-संध्याकाळ एक' लिहून मी मोकळा झालो होतो.

चुलीत पळाट्या-तुराट्या जाळून छाती धुरानं भरलेल्या बायका असोत की बिडीवाले मामा, सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागायचा जुनाट आजार) झाला की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: पंप. पण त्या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यांना लागणारा श्वास एकमेकांच्या उलटा आहे.

खरा पंप म्हणजे दाबायचा फवारा. औषध बाहेर फेकायचं काम आतला गॅस करतो, तेही भलत्या वेगानं. आपण फक्त ते हळूच खाली न्यायचं. आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, श्वास आत घ्यायला लागतानाच दाबायचा आणि मनात पाच म्हणेपर्यंत सावकाश ओढायचा. मग दहा आकडे दम धरायचा. इथं जोरात ओढलं तर औषध घशालाच थडकतं. पिकाऐवजी बांधावर फवारणी. दाबणं आणि ओढणं जुळत नसेल तर स्पेसर लावा. त्या नळकांड्यात फवारा क्षणभर थांबतो, घाई उरत नाही. स्पेसर फक्त म्हाताऱ्यांना, असं समजून तरणी माणसं तो घरी ठेवतात. मी तर सगळ्यांनाच द्यायच्या मताचा आहे.

कॅप्सूलच्या मशीनमध्ये गॅस नाही. कॅप्सूल आत ठेवून मशीन फिरवलं की ती फुटते. काहींत बटण दाबलं की भोक पडतं. भुकटी उडवायची ती आपल्याच ओढीनं. म्हणून इथं पहिल्या झटक्यापासून जोरात आणि खोल ओढायचं. बिडीवाल्या मामांना 'चिलमीचा झुरका' म्हटलं की लगेच कळतं (उपमा वाईट, पण चालते). त्याआधी श्वास सोडायचा तो तोंड बाजूला करून. मशीनमध्ये फुंकलं की वाफेनं भुकटी चिकटते. म्हणूनच पावसाळ्यात कॅप्सूल आधीच काढून ठेवू नका. दम धरून झाल्यावर मशीन उघडून बघा. भुकटी उरली असेल तर पुन्हा ओढा. याला स्पेसर लागत नाही.

घोटाळा होतो तो मशीन बदलल्यावर. पंपाची सवय असलेला माणूस कॅप्सूलही हळूच ओढतो, औषध आतच राहतं, आणि "ह्यानं काई फरक नाई" म्हणत मशीन माळ्यावर जातं. दम फार लागलेला असताना मुळात जोरात ओढताच येत नाही; तेव्हा स्पेसरसह पंपच बरा. स्टेरॉइड दोन्हींत असू शकतं, त्यामुळं नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

कॅप्सूल संपली की दिसते, पंप संपलेला दिसत नाही. औषध संपल्यावरही गॅस फुसफुसतो, आणि पाण्यात बुडवून बघणं फसवं आहे. आकडा दाखवणारा पंप नसेल तर सुरू केल्याची तारीख त्याच्यावर पेनानं लिहा: 200 फवाऱ्यांचा पंप, रोज 4 फवारे, म्हणजे 50 दिवस.