रक्तात साखर भरपूर, म्हणून हृदयाला ताकदही भरपूर?

‘हृदय साखरेवर चालतं; मधुमेहात रक्तात साखर जास्त, म्हणजे हृदयाला इंधनाची ददात नाही,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. ऐकायला पटतो, पण त्याचा पायाच चुकलेला आहे.

निरोगी हृदय मुख्यतः चरबीवर चालतं. त्याची साधारण 60 ते 70 टक्के ऊर्जा फॅटी ॲसिडमधून, म्हणजे चरबीच्या घटकांतून येते. उरलेली ग्लुकोज (म्हणजे रक्तातली साखर), लॅक्टेट आणि कीटोनमधून. जेवणानंतर इन्सुलिन वाढलं की हृदय ग्लुकोजकडे वळतं, उपाशी असताना पुन्हा चरबीकडे. ही अदलाबदल हीच त्याची खरी हुशारी.

टाइप 2 मधुमेहात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. ग्लुकोज पेशीत नेणारी ग्लूट-4 ही प्रथिनं पुरेशी पृष्ठभागावर येत नाहीत. त्यातच चरबीच्या साठ्यांतून फॅटी ॲसिड सुटत राहतात आणि हृदय तीच जास्त जाळतं. साखर दाराशी आहे, आत मात्र बेताचीच जाते.

यात तोटा काय? हिशेब स्वतः करून पाहा, जीवरसायनशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात आकडे मिळतील. ग्लुकोजच्या एका रेणूला ऑक्सिजनचे 6 रेणू लागतात आणि 30 ते 32 एटीपी (पेशी ऊर्जेसाठी वापरते ते रेणू) मिळतात. पामिटिक ॲसिड या फॅटी ॲसिडच्या एका रेणूला 23 लागतात, मिळतात 106. भागाकार केला तर ऑक्सिजनच्या एका रेणूमागे ग्लुकोजचे 5 ते 5.3, चरबीचे 4.6. फरक छोटा दिसतो खरा, पण रक्तवाहिनी अरुंद होऊन ऑक्सिजन कमी पडत असेल तर तोही जाणवतो. शिवाय न जळलेली चरबी स्नायूत साचून त्रास देते, ते वेगळंच.

ग्लुकोमीटर फक्त रक्तातली साखर मोजतो. हृदयाने त्यातली किती वापरली, हे त्यावर दिसत नाही.