पुलाची उंची ठरता ठरेना

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला समांतर, कॅनडाच्या सीमेपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणारा ‘आय-5’ हा महामार्ग ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या सीमेवर कोलंबिया नदी ओलांडतो. दक्षिण तीरावर पोर्टलंड आहे आणि उत्तर तीरावर व्हँकूव्हर. हे कॅनडातले प्रसिद्ध व्हँकूव्हर नव्हे, वॉशिंग्टन राज्यातले. या दोन शहरांना जोडणारे पोलादी पूल वस्तुतः दोन आहेत. पहिला 14 फेब्रुवारी 1917 रोजी खुला झाला आणि दुसरा, त्याला खेटून, 1958 मध्ये. आज पहिल्यावरून उत्तरेकडे आणि दुसऱ्यावरून दक्षिणेकडे अशी मिळून रोज सुमारे 1 लाख 40 हजार वाहने जातात. हे जोडपूल काढून नवा पूल बांधायचा की नाही, आणि बांधायचा तर कसा, हा वाद गेली वीस वर्षे चालू आहे. पहिला प्रकल्प 2013 मध्ये वॉशिंग्टनच्या सिनेटने निधी न दिल्याने कोलमडला, तेव्हा अभ्यास आणि आराखड्यांवर जवळजवळ 20 कोटी डॉलर खर्च झालेले होते आणि नदीत नव्या पुलाचा एकही खांब उभा राहिलेला नव्हता. 2019 मध्ये दुसरा प्रकल्प सुरू झाला, तो बऱ्याच अंशी त्याच प्रश्नांशी पुन्हा येऊन थांबला.

जाहीर चर्चेत पहिला मुद्दा नेहमी वयाचा निघतो: शंभरी ओलांडलेला पूल, त्यावर किती काळ विसंबायचे? हा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो, पण अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो फार दूर नेत नाही. पोलादी सांगाड्याचा पूल हा सुट्या भागांचा बनलेला असतो. त्याचे रंगकाम, रिव्हेट, आडव्या तुळया, वरचा काँक्रीटचा थर हे सारे वेळोवेळी बदलता येते. सप्टेंबर 2020 मध्ये 1917 च्या पुलावरचा एक जाड आस, ज्यावर उचलत्या गाळ्याची, म्हणजे जहाजांना वाट देण्यासाठी वर जाणाऱ्या पुलाच्या भागाची, कप्पी फिरते, त्याला तडा गेल्यामुळे बदलण्यात आला. त्यासाठी तो पूल काही दिवस पूर्ण बंद ठेवून सगळी वाहतूक शेजारच्या पुलावरून दोन्ही दिशांनी सोडावी लागली. गैरसोय झाली खरी, पण भाग बदलला आणि पूल पुन्हा चालू लागला. असे करत पूल आणखी काही दशके वापरता येईल, असे म्हणणारे लोक या वादात आहेत, आणि वरच्या पोलादापुरते बोलायचे तर त्यांचे म्हणणे खोटे नाही.

खरा प्रश्न नदीच्या तळाखाली आहे. हे पूल लाकडी खुंटांच्या पायावर उभे आहेत. लाकूड म्हटल्यावर ते कुजले असेल अशी शंका येते; पण कायम पाण्याखाली, गाळात रुतलेल्या लाकडाला ऑक्सिजन मिळत नाही, त्यामुळे ते कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही आणि असे खुंट शतकानुशतके टिकतात. अडचण अशी, की ते खालच्या पक्क्या खडकापर्यंत पोहोचलेले नाहीत. ते नदीने आणून टाकलेल्या सैल, पाण्याने भिजलेल्या वाळूत उभे आहेत आणि त्या वाळूच्या घर्षणावर पुलाचा भार तोलला जातो.

सैल वाळू हादरली की तिचे कण अधिक दाटीने बसू पाहतात, जसे डबा आपटल्यावर आतले धान्य खाली बसते. कोरड्या वाळूत कणांमधली हवा सहज निघून जाते. भिजलेल्या वाळूत मात्र कणांमध्ये पाणी असते आणि भूकंपाच्या काही सेकंदांत त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. पाण्याचा दाब वाढत जातो, कण एकमेकांपासून सुटे होतात, आणि जी जमीन क्षणापूर्वी भार पेलत होती ती दाट द्रवासारखी वागू लागते. यालाच मृदेचे द्रवीकरण म्हणतात. त्यात नदीकाठची जमीन पात्राच्या दिशेने सरकू लागली, तर ती आपल्याबरोबर पायाचे खुंटही आडवे ढकलते.

16 जून 1964 रोजी जपानमधल्या निगाता शहरात हे घडले. तिथल्या शिनानो नदीवरचा शोवा पूल जेमतेम महिनाभरापूर्वी बांधून पूर्ण झालेला होता. भूकंपात त्याखालची वाळू द्रवली, पोलादी नळ्यांचे पाय वाकले आणि एकामागून एक गाळे नदीत पडले. त्याच नदीवर, त्याच शहरात, 1929 मध्ये बांधलेला बांदाई पूल नुकसान सोसूनही उभा राहिला. महिनाभराचा पूल पडतो आणि पस्तीस वर्षांचा उभा राहतो, हे पाहिल्यावर पुलाचे वय मोजून त्याची सुरक्षितता ठरवण्यात किती अर्थ आहे, याचा विचार करावा लागतो.

कोलंबियाच्या खोऱ्यात तसा भूकंप होईल का, याचे उत्तर शास्त्रज्ञांना बऱ्याच उशिरा मिळाले. 1917 मध्ये किंवा 1958 मध्येही या किनाऱ्याला मोठ्या भूकंपाचा धोका आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. 1980 च्या दशकात भूवैज्ञानिक ब्रायन ॲटवॉटर यांनी वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरच्या दलदलींत, एकाएकी खचून खाऱ्या पाण्याखाली गेलेल्या जमिनीचे थर दाखवून दिले. कोपालिस नदीच्या मुखाजवळ तर अशा पाण्याने मेलेल्या सीडार वृक्षांचे वाळलेले बुंधे अजून उभे आहेत. पुढे 1996 मध्ये केन्जी साताके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमधल्या जुन्या नोंदी तपासल्या. जानेवारी 1700 मध्ये तिथे आधी कोणताही धक्का न जाणवता त्सुनामीच्या लाटा आल्या होत्या. त्या लाटांचा हिशेब मागे लावत गेल्यावर उगम सापडला तो प्रशांत महासागराच्या पलीकडच्या तीरावर: 26 जानेवारी 1700 च्या रात्री कॅस्केडिया या पट्ट्यात सुमारे 9 तीव्रतेचा भूकंप झाला होता. थराखाली थर सापडत गेल्याने असे भूकंप तिथे काही शतकांच्या अंतराने होत आले आहेत, हेही स्पष्ट झाले. म्हणजे जोडपूल बांधले गेले तेव्हा त्यांच्या आराखड्यात जो धोका धरणे शक्यच नव्हते, तो आज सर्वांना माहीत आहे. माझ्या मते पूल बदलण्याच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, आणि जाहीर सभांमध्ये तो कोंडीच्या तक्रारींखाली दबून जातो.

नवा पूल हवा असे एकदा मान्य केले, तरी वाद संपत नाही. उलट तो एका आकड्याभोवती घट्ट होतो. तो आकडा म्हणजे पुलाखालची मोकळी उंची.

सध्याच्या पुलांना उत्तर तीराजवळ एक उचलता गाळा आहे. हा गाळा पोलादी दोरांनी दोन मनोऱ्यांमध्ये टांगलेला असतो आणि दोरांच्या दुसऱ्या टोकांना जवळजवळ तेवढ्याच वजनाचे तोलभार असतात. त्यामुळे मोटारींना गाळ्याचे वजन उचलावे लागत नाही, फक्त घर्षण आणि वजनातला किरकोळ फरक यांवर मात करावी लागते. (हेच जड तोलभार मनोऱ्यांच्या माथ्याशी असल्याने भूकंपात ते धोक्याचे ठरतात, हा वेगळा भाग.) गाळा खाली असताना त्याच्याखाली सुमारे 12 मीटर, म्हणजे 39 फूट जागा असते, पूर्ण वर गेल्यावर 178 फूट, म्हणजे सुमारे 54 मीटर. तो वर जाताना महामार्गावर लाल दिवा लागतो आणि दोन राज्यांची वाहतूक खोळंबते. म्हणून कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी अडीच ते सहा या वेळांत गाळा उचलायला मनाई आहे.

या मनाईची किंमत तराफे ओढणाऱ्या बोटींचे चालक मोजतात. पुलाच्या मध्यभागी कायमची जरा अधिक उंची असलेले रुंद गाळे आहेत, त्यांखालून बरेचसे तराफे गाळा न उचलता जाऊ शकतात. पण प्रवाहाबरोबर सुमारे दीड किलोमीटर पुढे 1908 चा रेल्वेपूल आहे आणि त्याचा उघडणारा गाळा उत्तर तीराजवळ आहे. त्यामुळे बोटीच्या चालकाला नदीच्या मध्यातून निघून, लांबलचक तराफे पुढे ढकलत, थोड्याच अंतरात नागमोडी वळण घेऊन रेल्वेपुलाच्या अरुंद दारात शिरावे लागते. नदीला पूर असेल तेव्हा हे किती अवघड होत असेल, याची कल्पना रस्त्यावर खोळंबलेल्या मोटारचालकाला क्वचितच असते.

नवा पूल उचलता नसावा, कायमचा उंच असावा, असे महामार्गाच्या बाजूचे म्हणणे आहे. किती उंच? आधीच्या प्रकल्पात प्रथम 95 फूट धरले गेले. नदीच्या वरच्या अंगाला मोठे पोलादी सांगाडे बनवून तराफ्यांवरून समुद्राकडे नेणारे कारखाने होते, त्यांना ते अपुरे होते. मग आकडा 116 फुटांवर, म्हणजे सुमारे 35 मीटरवर नेण्यात आला, उंची कमी पडणाऱ्या कारखान्यांशी भरपाईचे करार झाले आणि सप्टेंबर 2013 मध्ये तटरक्षक दलाने परवानगीही दिली. प्रकल्पच बारगळल्याने तिचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या प्रकल्पाने पुन्हा 116 फूट पुढे केले, तेव्हा जून 2022 मध्ये त्याच तटरक्षक दलाने प्राथमिक निर्णय दिला, की आज आहे तेवढी, म्हणजे 178 फूट उंची कायम राहिली पाहिजे.

मग बांधा 178 फुटांचा, असे म्हणणे सोपे आहे. महामार्गाचा चढ साधारण 4 टक्के धरला, म्हणजे 100 मीटर गेल्यावर 4 मीटर चढायचे, तर 35 आणि 54 मीटर यांतला 19 मीटरचा फरक भरून काढायला प्रत्येक तीरावर सुमारे 475 मीटर जास्तीचा उतार लागतो. उत्तर तीरावर पाण्यालगत रेल्वेचा भराव आहे, त्याला लागूनच व्हँकूव्हरचा मध्यवर्ती भाग आणि एका बाजूला फोर्ट व्हँकूव्हर हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ. पुलावरून उतरणारा रस्ता या सगळ्यांच्या डोक्यावरून पुढे जाईल आणि शहरात उतरण्याचे फाटे तेवढेच लांब आणि उंच होतील. उतार कमी लांबीत बसवायचा तर चढ तीव्र करावा लागतो, आणि तीव्र लांब चढावर मालवाहू ट्रकांचा वेग पडून मागची सगळी रांग मंदावते. वरच्या बाजूलाही मोकळीक नाही, कारण पुलाच्या पूर्वेला अगदी जवळ पीअरसन फील्ड ही छोटी पण फार जुनी धावपट्टी आहे. विमानांच्या वाटेत येतील म्हणून उंच मनोऱ्यांचा झुलता किंवा तारांनी तोललेला पूल इथे जवळजवळ बाद ठरतो. खाली जहाज, वर विमान, आणि दोन्हींच्या मध्ये उरलेल्या पट्टीत महामार्ग बसवायचा आहे. नदीखालून बोगदा नेण्याची सूचनाही झाली आहे, पण बोगद्यातून वर येणारा रस्ता काठाजवळच्या फाट्यांना ओलांडूनच जमिनीवर येतो, आणि हे फाटे तर प्रकल्पाचा मोठा हिस्सा आहेत: आठ किलोमीटरच्या पट्ट्यात असे सात आहेत, आणि खर्चातला फार मोठा भाग पुलावर नाही, त्यांच्यावर होतो. उचलता गाळा हा पर्यायही सप्टेंबर 2024 च्या मसुदा अहवालात ठेवावा लागला, म्हणजे ज्या लाल दिव्यापासून सुटका हवी होती तो यादीत परत आला.

पुलावरून हलकी रेल्वे न्यायची की नाही, हा भांडणाचा आणखी एक जुना धागा. पोर्टलंडची रेल्वे 2004 पासून नदीच्या अलीकडे येऊन थांबलेली आहे. ऑरेगॉनला ती पलीकडे न्यायची आहे; व्हँकूव्हर ज्या क्लार्क परगण्यात येते, तिथल्या मतदारांनी 2012 मध्ये तिच्या खर्चासाठीचा कर नाकारला. इथे विज्ञान फारसे काही सांगू शकत नाही, एवढेच की रूळ घ्यायचे तर पुलाची रुंदी वाढते आणि चढावर आणखी एक बंधन येते.

मार्गिकांच्या संख्येबद्दल मात्र विज्ञानाकडे सांगण्यासारखे आहे. आज प्रत्येक दिशेला तीन मार्गिका आहेत आणि कडेला थांबायला जागा नाही, त्यामुळे एखादी गाडी बंद पडली तरी कोंडी होते. नव्या आराखड्यात कडेची जागा आहे आणि फाट्यांमधल्या ये-जा करणाऱ्या वाहनांसाठी प्रत्येक दिशेला एक जोडमार्गिकाही आहे. विरोधकांचा आक्षेप असा, की रस्ता वाढवला की वाहनेही वाढतात. अर्थशास्त्रज्ञ ड्युरँटन आणि टर्नर यांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासून दाखवले, की महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात त्यांवरचा वाहनप्रवास वाढतो. पण हा निष्कर्ष फुकट रस्त्यांचा आहे, आणि नवा पूल फुकट असणार नाही. 2022 च्या अखेरीस खर्चाचा अंदाज 500 ते 750 कोटी डॉलर होता; दोन्ही राज्यांनी प्रत्येकी 100 कोटी देऊ केले, केंद्राने 2023 आणि 2024 मध्ये मिळून सुमारे 210 कोटी मंजूर केले, आणि उरलेल्यातला मोठा वाटा टोलमधून यायचा आहे. टोल काय करतो, हे लुइव्हिल शहराने पाहिले आहे. तिथे ओहायो नदीवर ‘आय-65’ महामार्गासाठी नवा पूल बांधला, जुना दुरुस्त केला आणि 2016 च्या अगदी शेवटी टोल लावला. त्यानंतर त्या ठिकाणची वाहतूक आधीच्या निम्म्याच्या आसपास आली, कारण बरेच लोक जवळच्या टोल नसलेल्या पुलावरून जाऊ लागले.

कोलंबियावर टोल नवा नाही. 1917 मध्ये मोटारीला 5 सेंट पडत, 1929 मध्ये राज्यांनी पूल विकत घेऊन तो माफ केला, 1960 मध्ये दुसऱ्या पुलाचे पैसे फेडायला पुन्हा 20 सेंट लावले आणि 1966 मध्ये काढले. या वेळी योजना अशी आहे, की नवा पूल पूर्ण होण्याआधीच जुन्या पुलांवर टोल सुरू करायचा. त्यावर चालकांचा रोष आहे आणि तो समजण्याजोगा आहे. पण त्यातून एक गोष्ट फुकट हाती लागेल. टोल भरून किती वाहने खरोखर नदी ओलांडतात, हे अंदाजाने सांगण्याऐवजी मोजता येईल. खांबांची जागा आणि पायाची खोली भूकंपाने ठरवावी, उंची जहाजे आणि विमाने यांच्यातल्या तडजोडीने. मार्गिका किती हव्यात, हे मात्र त्या मोजणीचे एक-दोन वर्षांचे आकडे समोर आल्यावरच ठरवावे, असे मला वाटते.