होडी उन्हात तापते, पाण्यात श्वास घेते

रात्रभर काठाला बांधून ठेवलेली होडी सकाळी आतून ठणठणीत कोरडी. तीच होडी दुपारी शीड चढवून दोन तास फिरवली, परत आणली, मागचं बूच काढलं की आठ-दहा लिटर पाणी भळाभळा बाहेर. तळाला भोक असेल तर रात्री का नाही गळलं? आणि भोक नसेल तर एवढं पाणी शिरलं कुठून?

फायबरच्या छोट्या शिडाच्या होड्यांचं हे जुनं दुखणं आहे. पण उजनी धरणाच्या बॅकवॉटरला, सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात, त्याला एक खास कारण जोडलं जातं. ते ठाऊक नसलं तर माणूस महिनाभर भोक शोधत बसतो.

होडी कोणती ते आधी सांगायला हवं. एकट्या-दुकट्याने चालवायची, चार-साडेचार मीटर लांबीची. खाली तळ, वर डेक, दोन्ही कडेने चिकटवलेले आणि मध्ये बंद पोकळी. ऑलिंपिकमध्ये असते ती लेझर (आता तिला आयएलसीए म्हणतात) याच जातीची. शीड-डोलकाठी सोडून तिचा नुसता सांगाडा साधारण ५९ किलोचा. पोकळीतल्या हवेमुळे होडी उलटली तरी बुडत नाही. पण त्याच पोकळीत आपल्याला डोकावता येत नाही. फार तर हात जाईल एवढं एक गोल झाकण असतं. पाणी कुठूनही शिरलं तरी ओघळत सगळ्यात खोल जागी जमतं, त्यामुळे पाणी सापडलं तिथेच गळती असेल, असं धरून चालू नये.

पहिला प्रश्न: हे पाणी कसलं? समुद्रावरचे लोक जिभेला लावून पाहतात. खारट लागलं तर समुद्राचं, गोड लागलं तर पावसाचं. उजनीत ही सोय नाही. पण घरच्या आरओसाठी घेतलेला पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) इथे कामाला येतो. जलाशयाचं पाणी मोजा, आतलं मोजा. आकडे जवळपास सारखे आले तर पाणी जलाशयाचं. आतला आकडा फारच कमी आला तर ते पावसाचं किंवा रात्रीच्या गारव्यात आत साचलेलं दव. दवाने फार तर पेलाभर पाणी होतं, बादलीभर नाही. एक सावधगिरी: आत जुनी धूळ किंवा क्षार असतील तर ते पाण्यात विरघळून आकडा चढतो. म्हणून आधी पोकळी एकदा विसळून, पुसून कोरडी करून घ्यावी. आणि होडी घरच्या नळाने धुतली असेल तर हिशेब चुकतो, कारण सोलापूरच्या नळाला येणारं पाणीही बरंचसं उजनीचंच असतं.

आता भोकाचं गणित. पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर ३ मिलिमीटर व्यासाचं भोक असेल, तर पाणी सेकंदाला सुमारे २.४ मीटर वेगाने आत घुसतं. कडांवरची अडवणूक धरून मिनिटाला ०.६ लिटर, म्हणजे तासाला ३५ ते ४० लिटर. व्यास निम्मा केला तर गळती चौथाई होते. खोली दुप्पट झाली तर ती दुप्पट नाही, जेमतेम दीडपट वाढते. तासाला चार-पाच लिटर येत असतील तर छिद्र जेमतेम एक मिलिमीटरचं. असं छिद्र डोळ्याला दिसत नाही, पण रात्रभर बांधून ठेवलेल्या होडीत त्याने पन्नास लिटर तरी भरायला हवं होतं. आपल्या होडीत रात्री थेंब नाही. म्हणजे गळतीची जागा काठाला बांधलेल्या होडीत पाण्याच्या वर राहते, किंवा पाणी आत ढकलणारं बळ फक्त दुपारी असतं. बहुतेकदा दोन्ही.

ते दुपारचं बळ उन्हातून येतं. मे महिन्यात दोन तास उन्हात पडलेल्या होडीच्या पोकळीत हवा सहज ५५ अंशांवर जाते. हवा फुगते आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडते. मग आपण झाकण-बूच घट्ट लावून होडी पाण्यात ढकलतो. पाणी २८ अंशांचं धरू. आतली हवा थंड होऊन सुमारे ८ टक्क्यांनी आकसते. पोकळी २५० लिटरची असेल तर वीस लिटर जागा भरून काढायला बाहेरून काहीतरी आत यायलाच हवं. पोकळी पूर्ण हवाबंद आणि ताठ असेल तर आतला दाब ८० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका उतरेल. होडीचा तळ पाण्यात बुडतो जेमतेम १५ सेंटिमीटर. म्हणजे तळावरच्या पाण्याच्या दाबापेक्षा ही ओढ पाचपट! प्रत्यक्षात एवढी होत नाही, डेक थोडा दबतो, थोडी हवा शिरते. पण एरवी थेंबही न येऊ देणारा डेकवरचा सैल स्क्रू या ओढीने पाणी प्यायला लागतो, कारण शिडाच्या होडीचा डेक सतत ओला असतो.

म्हणून बनवणाऱ्यांनी पोकळीला श्वास घ्यायला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. लेझरमध्ये ते बसायच्या खळग्याच्या पुढच्या भिंतीत, वरच्या काठाखाली आडोशाला असतं. आणि इथेच गंमत होते. कुंभारमाशी त्यात चिखल भरते, नाहीतर एखादा उत्साही माणूस ‘सापडलं एकदाचं भोक’ म्हणून त्यात सीलंट भरून टाकतो. गळती त्या दिवसापासून वाढते. तेव्हा हे भोक शोधून बारीक तारेने मोकळं करणं हे पहिलं काम. दुसरं म्हणजे सवय: उन्हात असताना झाकण उघडं ठेवायचं, पाण्यात उतरवण्याआधी डेकवर दहा मिनिटं पाणी मारून गार करायचं, आणि मगच झाकण लावायचं. नुसत्या एवढ्याने काही होड्यांची ‘गूढ’ गळती संपते. बूच लावायला मात्र विसरू नये. छोट्या होड्यांत पाणी शिरण्याचं सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात लाजिरवाणं कारण तेच असतं.

तरीही पाणी येत असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलत जायचं. सकाळी गार असताना तासभर होडी नुसती तरंगत ठेवा, आतलं पाणी स्पंजने टिपून मापाच्या भांड्यात मोजा. मग वीस लिटरचा पाण्याचा जार एका कडेला ठेवून होडी कलती करा, पुन्हा तासभर. मग दुसरी कड. डावीकडे कलल्यावरच पाणी आलं तर डाव्या कडेचा डेक-तळाचा जोड किंवा त्या बाजूचे स्क्रू. कलवूनही कोरडी राहिली आणि फक्त शीड लावल्यावर गळली, तर जोर पडल्यावर उघडणारी भेग शोधायची. डोलकाठी ज्या खोबणीत उभी राहते तिचं बूड आणि सेंटरबोर्डच्या (होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात उतरवायच्या फळीच्या) खाचेची खालची कड हे दोन नेहमीचे संशयित. डोलकाठी म्हणजे मोठी पहार, वारा तिला वरच्या टोकाला ढकलतो आणि सगळी पिळवणूक खाली त्या खोबणीत होते. खोबण तपासायची सोपी युक्ती: तिच्यात काठोकाठ पाणी भरा, चिमूटभर जिलबीचा रंग टाका आणि रात्रभर थांबा. पातळी उतरली आणि झाकणातून आत ठेवलेला पांढरा कागद केशरी झाला की खटला निकाली.

सेंटरबोर्डच्या खाचेचं उजनीशी वेगळं नातं आहे. एकूण ११७ टीएमसीच्या या धरणात निम्म्याहून जास्त मृतसाठा; उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ गेली की पाण्याची कड मागे सरते, आणि होडी चिखल-दगडांवरून ओढत न्यावी लागते. तळाची मधली रेघ आणि खाचेची ओठं यांच्यावरचा जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत बाहेरचा थर) घासून जातो, आतले काचतंतू उघडे पडतात. उघडा तंतू केशाकर्षणाने पाणी ओढतो आणि ते थरांमधून लांबवर नेतो. होडीखाली जुनी टायर-ट्यूब टाकून ओढली तर हे टळतं.

आता साबणाची चाचणी, जी नीट केली तर सगळ्यात खात्रीची आणि वेडीवाकडी केली तर होडी फोडणारी. बुचाच्या भोकातून नळी आत घालून कडेने कापड-टेप लावा, श्वासाचं भोक तात्पुरतं टेपने झाका. दुसऱ्या टोकाला टी (तीन तोंडांचा जोड) लावून एका फाट्याला गवंडी लेव्हलला वापरतात तशी पारदर्शक नळी यू आकारात टांगा, तिच्यात रंगीत पाणी. दुसऱ्या फाट्यातून फुग्यांच्या हातपंपाने हवा भरा. नळीतल्या दोन पातळ्यांत पाच सेंटिमीटरचा फरक पडला की थांबा. हे फार कमी वाटतं, पण दोन चौरस मीटरच्या डेकवर तेवढ्याने शंभर किलोचा जोर येतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर या कामाला कधीही लावू नये. लिटरभर पाण्यात दोन चमचे भांड्यांचा लिक्विड साबण आणि चमचाभर ग्लिसरीन मिसळून ब्रशने प्रत्येक जोडावर लावा. मोठं छिद्र लगेच बुडबुडा काढतं. बारीक छिद्राला अर्धा मिनिट लागतो आणि तिथे बुडबुडा नाही, पांढरा दाट फेस चढतो.

वेळ पहाटेची, उजाडल्याबरोबर. साबण वाळत नाही हे एक. मुख्य म्हणजे आतली हवा नुसती २५ वरून ३० अंशांवर गेली तरी हवाबंद पोकळीत दाब १७ सेंटिमीटर पाण्याइतका वाढतो, आपण ठरवलेल्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त. ऊन यायच्या आत टेप काढून मोकळं व्हायचं.

फेस बहुधा येतो तो सुकाणूच्या बिजागरीच्या स्क्रूंभोवती. स्क्रूचा आटा म्हणजे पाण्यासाठी बांधलेला गोल जिनाच. वर सीलंटचा लेप फासून तो बंद होत नाही. स्क्रू काढा, आतला लाकडी ठोकळा बोटाने दाबून पाहा. मऊ लागला तर कुजला आहे, बदलावा लागेल. शाबूत असेल तर भोक थोडं मोठं करून, दोन-तीन दिवस सुकवून, इपॉक्सी रेझिनने भरा आणि त्यात नवं भोक पाडा. भोकाच्या तोंडाला किंचित खोलगट उतार द्या. पॉलियुरेथेन सीलंट लावून स्क्रू आधी अर्धवटच आवळा, मिलिमीटरभर फट ठेवून. चोवीस तासांनी शेवटचा वेढा द्या. त्या खोलगटात सीलंटचं रबरी कडं तयार झालेलं असतं, ते दाबलं जातं आणि वाट बंद होते. पहिल्याच दिवशी करकचून आवळलं तर सगळं सीलंट बाहेर येतं आणि आत धातूला फायबर एवढंच उरतं. सिलिकॉन मात्र नको. त्याचा पुसट थर राहिला तरी पुढे तिथे काही चिकटत नाही.

रेझिनचं काम इथे सकाळी सहालाच उरकावं. तापमान दहा अंशांनी वाढलं की ते घट्ट व्हायचा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. एका वेळी १०० ग्रॅमच कालवा, तेही पसरट थाळीत. उभ्या डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेने धुमसायला लागतं. भेगेवर पॉलिएस्टर रेझिन वापरणार असाल तर हार्डनर १०० ग्रॅमला १ ते २ मिलिलिटर, उन्हाळ्यात १ च्या जवळ. त्याच्यासोबत येणारा जांभळट कोबाल्ट अॅक्सिलरेटर आणि हार्डनर हे दोन कधीही थेट एकमेकांत ओतू नयेत, भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग दुसरं.

गळती थांबल्यावरही होडी जड लागत असेल तर पोकळीत बसवलेल्या फोमने पाणी धरलेलं असतं. लोंबत्या काट्याला पुढून आणि मागून दोर लावून वजन करा. ५९ च्या जागी ६६ भरलं तर सात किलो पाणी अजून आत आहे. होडी सावलीत उलटी ठेवा, झाकण आणि बूच काढा, झाकणाच्या भोकाशी कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवून हवा बाहेर खेचा, आणि दर रविवारी वजन लिहून ठेवा. सलग दोन रविवारी आकडा हलला नाही की झाकण लावायला हरकत नाही. पावसाळ्यात यासाठी महिने जातात. एप्रिलमधल्या सोलापूरच्या कोरड्या वाऱ्यात बरंच लवकर होतं.